रणगाड्यातली चार माणसं

पडद्यावरचा हा हात बघा. लोडरचा, म्हणजे रणगाड्याची तोफ भरणाऱ्याचा. गुडघ्याने स्विच दाबला की मागच्या कप्प्याचं दार सरकतं, आत रचून ठेवलेला वीसेक किलोचा गोळा ओढायचा, फिरवायचा, तोफेत ढकलायचा आणि पटकन बाजूला व्हायचं, कारण बार उडाला की तोफेचा मागचा भाग दणकन मागे येतो, तिथे कोपर राहिलं तर कोपर गेलंच. मग ओरडायचं, "अप!", म्हणजे गोळा भरला.

हा अमेरिकन अब्राम्स आहे, आतली बोलीच वेगळी. कमांडर म्हणणार "गनर, सॅबो, टँक", म्हणजे समोर रणगाडा आहे, चिलखत फोडणारा गोळा भरा. नेम धरणाऱ्या गनरला टार्गेट सापडलं की "आयडेंटिफाइड". लोडरचं "अप". कमांडरचं "फायर", गनरचं "ऑन द वे" आणि धडाम. बस, एवढंच. पण हे एवढंच आधी सिम्युलेटरमध्ये, मग रेंजवर, दिवसा, रात्री, गॅस मास्क लावून, जीव नकोसा होईपर्यंत. चौघांतला एक बदलला की ताल गेला, परत पहिल्यापासून. नवीन रणगाडा आला की परेडमध्ये मिरवतात सगळे, ह्या घोकंपट्टीसाठी गोळे आणि डिझेल मागायला गेलं की तोंडं वाकडी होतात.

आता ही जुनी फिल्म. १९१६, पहिलं महायुद्ध, फ्रान्समधली सोमची लढाई, रणगाडा पहिल्यांदाच मैदानात उतरला तो सप्टेंबर महिना. ब्रिटिश मार्क वन, आत आठ माणसं, त्यातली चार तर नुसती गाडी चालवायला आणि वळवायला! इंजिन मधोमध उघडं, आवाजात काही ऐकू येईना म्हणून हातवारे, आणि बाहेर निरोप पाठवायला चक्क कबुतरं.

१९४० मध्ये फ्रान्सच्या शार बी वन रणगाड्याचं चिलखत बऱ्याच जर्मन रणगाड्यांपेक्षा जाड होतं. पण टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, माणूस एकच, तोच कमांडर, तोच गोळा भरणार, तोच नेम धरणार, मग आजूबाजूला बघणार कोण? जर्मनांच्या पँझर थ्री आणि फोरमध्ये टरेटला तीन माणसं होती, वर रेडिओ. जर्मनांचा रणगाड्यांचा जनरल गुडेरियन पहिल्या महायुद्धात वायरलेसवाला होता, ते इथे कामी आलं. शिवाय फ्रेंचांचे बरेच रणगाडे पायदळात वाटून टाकलेले, जर्मनांनी पायदळ, तोफखाना, इंजिनिअर सगळे रणगाड्यांबरोबर एकाच डिव्हिजनमध्ये बांधले.

१९७३ मध्ये सिनाईत इस्रायली रणगाडे पायदळाशिवाय पुढे गेले आणि इजिप्तच्या सॅगर या रणगाडाविरोधी मिसाइलखाली आले. ही त्याचीच दृश्यं.

आणि हे कॅलिफोर्नियातलं फोर्ट अर्विन, अमेरिकन लष्कराचं सरावाचं ठिकाण. समोर शत्रू म्हणून अमेरिकेचेच सैनिक, ते तिथे कायम राहणारे, त्यांना प्रत्येक टेकडी पाठ, नवीन आलेल्यांना पहिल्या दिवसांत धू धू धुतात. गोळ्याऐवजी लेझर, तो लागला की रणगाड्यावरचा दिवा लुकलुकतो, म्हणजे तुम्ही मेलात. मग सगळे गोल करून बसतात, कोण कुठे चुकलं ते रेकॉर्डिंग लावून बघतात आणि इथे सिनिअरलासुद्धा ऐकून घ्यावं लागतं. मला विचाराल तर खरी शाळा हीच, फायरिंग वगैरे नंतर.

युक्रेनच्या लढाईत रणगाड्यांवर ड्रोनसाठी जाळीचे पिंजरे चढलेत, त्यामुळे एक नजर आता कायम आकाशाकडे लागते.

परत आपला लोडर. वरचं झाकण, हॅच, उघडली, डोकं वर काढलं, डोळ्यांवरचा घाम बाहीने पुसला. खालून आवाज आला. गेला परत आत.