शब्द ठरेपर्यंत

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘वंशसंहार आणि आंतरराष्ट्रीय समुदायाची जबाबदारी’ असा विषय छापला आहे. त्यातला पहिला शब्द जसाच्या तसा ठेवल्याबद्दल संयोजकांचे मी मनापासून आभार मानतो. काही वर्षांपूर्वी एका दैनिकासाठी मी आफ्रिकेतल्या रवांडा या देशावर लेख लिहिला, तेव्हा माझ्या ‘वंशसंहारा’चे सकाळपर्यंत ‘हत्याकांड’ झाले होते. विचारले तर कळले की मथळा दोन स्तंभांत बसत नव्हता. (हशा) त्या उपसंपादकाची अडचण निदान जागेची होती. हत्याकांडात आपण प्रेते मोजतो, वंशसंहारात मारणाऱ्याचा हेतू पाहावा लागतो: एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, तो गट म्हणूनच, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराने हा गुन्हा रोखण्याचे आणि त्याला शिक्षा करण्याचे, अशी दोन्ही कर्तव्ये राष्ट्रांवर टाकली. शब्द उच्चारला की कर्तव्य अंगावर येते, आणि म्हणूनच १९९४ मध्ये रवांडात अल्पसंख्य तुत्सी जमातीची कत्तल चालू असताना मोठमोठ्या राजधान्या तो उच्चारायला तयार नव्हत्या.

एका कागदापाशी मी नेहमीच रेंगाळतो, आजही रेंगाळणार आहे. ११ जानेवारी १९९४ रोजी रवांडाची राजधानी किगाली इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे कॅनडियन सेनापती रोमिओ दालेर यांनी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला संदेश धाडला. सशस्त्र टोळ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या एका माणसाने आपण होऊन सांगितले होते की, किगालीतल्या सर्व तुत्सींची नोंदणी करण्याचा आपल्याला हुकूम आहे, ती त्यांना संपवण्यासाठीच असावी असा आपला संशय आहे, आणि आपली माणसे २० मिनिटांत १,००० पर्यंत तुत्सी मारू शकतील. लपवलेली शस्त्रे दाखवायला तो तयार होता. त्याला संरक्षण हवे होते. ३६ तासांत कारवाई करतो, असे दालेर यांनी कळवले आणि शेवटी फ्रेंचमध्ये ‘चला, निघू या’ असे लिहिले. उत्तर आले की हे तुमच्या अधिकारकक्षेत बसत नाही, मिळालेली माहिती राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांच्या कानावर घाला. त्या टोळ्या त्यांच्याच पक्षाच्या होत्या! चोरीची वर्दी द्यायला आलेल्याला ‘आधी चोराच्या वडिलांना भेटून या’ म्हणणारे ठाणे मी स्वतः पाहिले आहे, पण ते पुन्हा केव्हातरी.

६ एप्रिलला हाब्यारिमाना यांचे विमान पाडले गेले आणि त्याच रात्री हत्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान आगाथ उविलिंगियिमाना आणि त्यांच्या रक्षणासाठी धाडलेले १० बेल्जियन सैनिक मारले गेले. बेल्जियमने आपले सैन्य माघारी बोलावले. किगालीतल्या एका तंत्रशाळेत याच सैनिकांच्या भरवशावर सुमारे २,००० माणसे आश्रयाला आली होती. ११ एप्रिलला गाड्या निघू लागल्या तेव्हा लोक चाकांपुढे आडवे झाले, कारण फाटकाबाहेर मारेकरी उभे असलेले त्यांना दिसत होते. गाड्या गेल्या, आणि त्यांतले बहुतेक लोक मारले गेले. ‘इंद्राय स्वाहा, तक्षकाय स्वाहा’ ऐकताच इंद्राने तक्षकाला सोडून दिले, ही कथा आपण लहानपणीच ऐकली आहे. पण त्या सत्रात आस्तिक वेळेवर पोहोचला होता. इथे २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने सुमारे २,५०० ची शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव एकमताने केला, आणि ज्या सरकारचे लोक हत्या घडवीत होते त्याचा प्रतिनिधी त्या वर्षी परिषदेचा सदस्य म्हणून त्याच टेबलाशी बसलेला होता.

१० जूनला अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या पत्रकारांना सांगत होत्या की, रवांडात ‘वंशसंहाराची कृत्ये’ झाली आहेत. एका वार्ताहराने विचारले, अशी किती कृत्ये झाली म्हणजे एक वंशसंहार होतो? याचे उत्तर देण्याच्या स्थितीत मी नाही, असे त्या म्हणाल्या. शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसे गेली, त्यातले पहिले दोन महिने तेव्हा उलटून गेले होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय पाच मिनिटांत उरकतो. (हशा) बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात १९९५ मध्ये झालेल्या वंशसंहाराबाबत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये सर्बियाला तो केल्याबद्दल नव्हे, न रोखल्याबद्दल दोषी धरले. गंभीर धोका आहे हे राष्ट्राला कळले, किंवा कळायला हवे होते, त्या क्षणी त्याचे कर्तव्य सुरू होते. म्हणजे शब्दावर एकमत होईपर्यंत थांबण्याची सवलत नाही. ज्याचा मारणाऱ्यांवर वजन-वशिला जास्त, त्याची जबाबदारी जास्त, आणि ‘आमच्या एकट्याने काय झाले असते’ हा बचाव चालत नाही. माझे म्हणणे इतकेच की, ‘आंतरराष्ट्रीय समुदाय’ नावाचा कोणी इसम नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर पावणेदोनशेहून अधिक घरे होती. रोहिंग्यांसाठी २०१९ मध्ये म्यानमारला न्यायालयात खेचले ते गांबियाने, एका छोट्या आफ्रिकी देशाने. आपण करार १९५९ मध्येच मान्य केला, पण वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा आपल्याकडे अजून नाही. सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकारावर दोन पाने टिपणे आणली होती, ती खिशातच राहिली. प्रश्नोत्तरांत कोणी विचारले तर वाचून दाखवीन.