मनूच्या शेजारची बाई

न्यूयॉर्कला गेलात तर मॅडिसन स्क्वेअरच्या बागेत उभे राहा आणि शेजारच्या अपील न्यायालयाच्या गच्चीकडे मान वर करून बघा. पांढऱ्या संगमरवराची, १९०० च्या सुमाराची इमारत. कठड्यावर जगभरचे स्मृतिकार ओळीने उभे आहेत. मोझेस, कन्फ्यूशियस, झरथुष्ट्र, जस्टिनियन आणि आपला मनू. हो, तोच! डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले, तेव्हा हा मनू त्याच शहरात, त्याच गच्चीवर होता. पुढे १९२७ साली महाडला मनुस्मृती जळाली. इथला मनू गच्चीवरच राहिला.

आता गंमत बघा. ज्याच्या नावावरच्या ग्रंथाचा दहावा अध्याय वर्णसंकराच्या हिशेबातच अडकून पडलाय, तो इथे यहुदी, चिनी, इराणी आणि रोमन मंडळींच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. याहून मोठा संकर कुठला? पण त्याला कुणी संकर म्हटले नाही. सगळे पुरुष होते ना! बायका होत्या त्याच इमारतीवर, पण न्याय, शांती, चार ऋतू अशा रूपकांच्या रूपात.

२०२३ साली या ओळीत चित्रकार शहाझिया सिकंदर यांनी आठ फुटी सोनेरी बाई उभी केली. कमळातून वर आलेली. गळ्यात लेसची कॉलर, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग घालत तशी. वेण्या मात्र मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळवलेल्या.

सिकंदर मूळच्या लाहोरच्या, जन्म १९६९ चा. तिथल्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये त्या लघुचित्रण शिकल्या. चित्रकलेतल्या नव्या विचारांच्या लोकांना तेव्हा लघुचित्र म्हणजे पर्यटकांना विकायचा माल वाटे. त्यांनी हट्टाने तेच धरले. वसली कागद, चहाच्या पाण्याची पुटे, खारीच्या केसांचा कुंचला, एकेका चित्राला महिनोन्‌महिने. मग त्या अमेरिकेला गेल्या आणि ते लघुचित्र चालते झाले. २००३ च्या ‘स्पिन’ या चलच्चित्रात मुघल दरबार गोपींनी भरून जातो. हळूहळू गोपींची शरीरे विरतात, उरतात फक्त अंबाडे, आणि ते पक्ष्यांच्या थव्यासारखे दरबारभर उडू लागतात. बादशहाच्या दरबारात कृष्णाविना गोपी! यात कोण कुणात मिसळले, हे मला आजही नेमके सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते चित्र मला फार आवडते. सगळे एकजीव झाले की ती खिचडी. इथे दाणा न् दाणा वेगळा दिसतो.

शिंगांकडे परत येऊ. बागेत याच कलाकृतीची १८ फुटी बहीण होती, ‘विटनेस’ नावाची. ती पुढे ह्यूस्टन विद्यापीठात गेली. पूर्वेकडच्या कितीतरी परंपरांत मेंढ्याचे शिंग म्हणजे बळ; टेक्सासमधल्या गर्भपातविरोधी गटाला मात्र त्यात सैतान दिसला. विद्यापीठाने उद्घाटनाचा कार्यक्रम आणि सिकंदर यांचे भाषण रद्द केले. ८ जुलै २०२४ च्या पहाटे, बेरिल वादळात शहर अंधारात असताना, कुणीतरी पुतळ्याचे डोके उडवले.

डोके पुन्हा बसवायला सिकंदर यांनी नकार दिला. जे घडले ते दिसू दे, एवढेच त्यांचे म्हणणे.