नवा जन्म म्हणजे नेमकं काय? सोलापूर ते केडगाव

रविवारी सकाळी सोलापुरातल्या एखाद्या चर्चमध्ये जाऊन बसलात तर साक्ष देणारं, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगणारं कुणीतरी हमखास भेटतं. माइक हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं, अमुक साली अमुक ठिकाणी माझं तारण (पापातून सुटका) झालं, माझा नवा जन्म झाला. ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी पुढच्या जन्माचं चाललंय, पण तसं नाहीये, हे सगळं ह्याच जन्मातलं आहे, ह्याच देहातलं.

मूळ गोष्ट बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, ३ऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, यहुद्यांचा अधिकारी, शिकलेला माणूस, तो रात्रीचा येशूकडे येतो. येशू त्याला सरळ सांगतो की नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसणार नाही. आता ह्याला काही कळेना! विचारतो, म्हातारा माणूस परत आईच्या पोटात कसा जाईल? येशू म्हणतो पाण्याने आणि आत्म्याने जन्मायला पाहिजे, आणि वारा कुठून येतो कुठं जातो ते तुला कळत नाही, आत्म्याने जन्मलेल्याचं पण तसंच.

आता ह्यातल्या पाण्यावरून आणि आत्म्यावरून चर्चमध्ये दोन हजार वर्षं चर्चा चाललीय. कॅथलिक म्हणतात बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी, हाच नवा जन्म, म्हणून तान्ह्या बाळालाही देतात. पेंटेकोस्टल मंडळींचं म्हणणं आधी पश्चात्ताप, विश्वास, आतला बदल, मग पाणी, आणि तेही नुसतं शिंपडायचं नाही, पूर्ण बुडवायचं. पाळक (चर्चचा धर्मगुरू) एक हात पाठीला लावतो, एक हात छातीवर, पिता पुत्र पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणत मागं झुकवतो, माणूस नाकातोंडात पाणी जाऊन ठसकतच वर येतो, कडेला बायका टॉवेल घेऊन उभ्या असतात. (आणि सोलापुरात हौद भरायचा म्हणजे आधी नळाला पाणी कधी येणार ते बघावं लागतं, ते वेगळंच.)

मग बुडून वर आला म्हणजे झाला का नवा जन्म? इथं मला पंडिता रमाबाईंचं उदाहरण सगळ्यात भारी वाटतं. सोलापूरहून पुण्याची गाडी धरली की दौंड, पाटस सोडल्यावर केडगाव लागतं, तिथलं निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्ती मिशन त्यांचंच. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. पण नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे त्यांना कळलं बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी. एवढी विद्वान बाई, संस्कृत पुराणं तोंडपाठ, शाळा काढलेली, देशोदेशी नाव झालेलं, आणि ती म्हणते मी आतून अजून कोरडीच होते! हे कबूल करायला केवढं धाडस लागत असेल, कारण तिच्यावर टीका करणारे हिंदू आणि ख्रिस्ती दोन्हीकडे बसलेले.

म्हणून मला ते साल-तारखेचं प्रकरण थोडं खटकतं. कुणाला दिवस आठवत असेल तर चांगलंच आहे. पण निकदेमाचा नवा जन्म कधी झाला ते योहान कुठंच लिहीत नाही. ७व्या अध्यायात तो येशूच्या बाजूने जरासं बोलतो, गप्प बसवतात त्याला. मग एकदम १९व्या अध्यायात, शिष्य पळालेले असताना, हा माणूस दफनासाठी शंभर रत्तल गंधरस आणि अगरू (प्रेताला लावायची सुगंधी द्रव्यं) घेऊन येतो, म्हणजे आजचे तीस-पस्तीस किलो. मधे काय झालं, कधी झालं, काही नाही.

रमाबाईंचं पण जुनं सगळं पुसलं गेलं असं नाही हं. १९०५ साली मुक्तीमध्ये मोठं संजीवन, म्हणजे विश्वासाची जोरदार जागृती झाली, मुली रडून रडून प्रार्थना करायच्या, पण बाईंचं रोजचं काम चालूच होतं. लहानपणी आईनं शिकवलेलं संस्कृत होतंच, त्यात हिब्रू आणि ग्रीकची भर घातली आणि अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या, १९२२ला गेल्या तोपर्यंत तेच चाललं होतं, आणि छपाईचं काम करायला मुक्तीतल्याच बायका.