माशांना आरओचं पाणी किती द्यावं?

मंडळी, माशांच्या दुकानात हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो: "बोअरचं पाणी आहे ना, मग टँकमध्ये आरओचंच भरा." हा सल्ला अर्धवट आहे.

आरओचा पडदा पाण्यात विरघळलेले ९० टक्क्यांहून अधिक क्षार अडवतो. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आलं आणि बायकार्बोनेटही. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतीच्या पाण्यापेक्षा खारट असतं, म्हणून पाणी सतत त्याच्या अंगात शिरत राहतं. तो ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकतो आणि गमावलेले क्षार कल्ल्यांनी परत ओढून घेतो. आता बाहेर क्षारच नसतील तर बिचाऱ्यानं ओढायचं काय?

बायकार्बोनेटची गोष्ट आणखी बेरकी आहे. टँकमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, ते बायकार्बोनेट जिरवतं. नुसत्या आरओच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतंच. पीएच घसरत सहाच्या खाली गेला की जिवाणू सुस्तावतात आणि अमोनिया साठू लागतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी रूपात असतो, त्यामुळे मासे ठीकठाक दिसतात. मग रविवारी आपण उत्साहानं अर्धं पाणी बोअरचं बदलतो. पीएच वर उसळतो, त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो, आणि मेलेल्या माशांचा दोष बोअरवर जातो.

तेव्हा मिसळा. बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, ६०० आणि आरओचा २० असेल, तर तीन बादल्या आरओ आणि एक बादली बोअर मिळून १६५ होतो. टीडीएस मीटर नुसता आकडा सांगतो, क्षार कोणते ते नाही; जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियम) आणि केएच (बायकार्बोनेट) मोजणारं थेंबांचं किट घ्याच. आणि स्वयंपाकघरातल्या मशीनला टीडीएस कंट्रोलर असेल तर त्यात थोडं कच्चं पाणी आधीच मिसळलेलं असतं, म्हणून मोजल्याशिवाय हिशेब करू नका.

नुसतं आरओ जिथे खरंच हवं, ती जागा वेगळीच आहे. उन्हाळ्यात टँकचं पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. ६०० टीडीएसच्या बोअरनं भरलेल्या १०० लिटरच्या टँकमधलं १० लिटर उडालं आणि आपण पुन्हा तेच बोअर ओतलं, की झाले ६६०. पाणी न बदलता दहा वेळा अशीच भर घातली, की १२००. उडालेल्या पाण्याची भर शुद्ध आरओनंच घालावी, इथे मी अजिबात तडजोड करत नाही.

डिस्कस, कार्डिनल टेट्रा हे ॲमेझॉन खोऱ्यातले, मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातले मासे. त्यांच्यासाठी आरओचा खटाटोप सार्थ आहे. गप्पी, मॉली किंवा मलावी सरोवरातले सिक्लिड पाळणार असाल तर जड पाणीच त्यांना मानवतं. मशीनला पैसे घालण्याआधी आपल्या बोअरला साजेसा मासा निवडा, तेवढ्याच पैशांत मोठा टँक येईल.