जोड लावायची कशी?

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या सोलापूरकडच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड आठवा. आधी रेवड्यांवर लढणारी पोरं, मानाची कुस्ती अगदी शेवटी. मधल्या जोड्या पंच लावतात, पैलवानाची मान नि खांदे बघून. बोलिंगमध्ये खांदे बघून काही कळत नाही. चेंडू घरंगळत सोडून समोरच्या दहा पिना पाडण्याच्या या खेळात काडीपैलवानही धिप्पाड गड्याला लोळवतो. म्हणून तिथं जोड लावतं वहीतलं गणित, म्हणजे ॲव्हरेज.

समजा 21 डावांत तुमचे 3330 गुण झाले. भागाकार 158 आणि वर थोडा अपूर्णांक. तो सोडून द्यायचा, ॲव्हरेज 158. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या खुल्या स्पर्धेत ॲव्हरेजवरून गट पडतात. समजा 155 पर्यंतचे एका गटात, 156 ते 180 दुसऱ्यात, 181 पासून पुढचे तिसऱ्यात. बक्षिसं ज्याच्या त्याच्या गटात. आता 155वाला आपल्या गटात पाटील, आणि 156वाला पुढच्या गटात शेवटच्या बाकावर! एका गुणाचा हा खेळ.

हँडिकॅप वेगळा. तिथं सगळे एकत्रच खेळतात, पण कच्च्याला वरून गुण मिळतात. 220 मधून ॲव्हरेज वजा करून नव्वद टक्के द्यायचे, असं धरा. 150वाल्याला 63, 200वाल्याला 18. बेरीज 213 आणि 218, म्हणजे तरी पक्का गडी पाच गुणांनी पुढेच राहतो.

खरी गंमत पुढे आहे. गट खालचा मिळावा म्हणून काहीजण वर्षभर मुद्दाम वाईट खेळतात. सहज पडणारी पिन सोडायची, चेहरा पाडायचा, आणि स्पर्धेच्या दिवशी धडाधड स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच फेकीत दहाही पिना आडव्या. अमेरिकेत याला सँडबॅगिंग म्हणतात, आपल्याकडं कुणीतरी सरळ विचारलं असतं, "काय बे, मुद्दाम हरलास का?" मला ही लबाडी दारूण वाटते, कारण ती हरण्याचा सराव करून केलेली असते. तिला आळा म्हणून नियम आहेत. गेल्या हंगामापेक्षा चालू ॲव्हरेज दहा किंवा जास्त गुणांनी वाढलं, तर चालूच आकडा सांगावा लागतो. संयोजक आधीचे निकाल तपासून ॲव्हरेज वाढवूही शकतात. खोटा आकडा सापडला, तर बक्षीस हातचं जातं.

आणि ज्याच्या नावावर ॲव्हरेजच नाही, त्याचं काय? बऱ्याच स्पर्धांत त्याला थेट वरच्या गटात घालतात. अनोळखी पैलवान फडात उतरला की आपले पंचही आधी विचारतात, "कुठल्या तालमीचा?"