तिसऱ्या घंटेच्या अलीकडची माणसे

श्रोतेहो, नमस्कार. 6 मे 1910 च्या रात्री इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड मरण पावला. डब्लिन शहर तेव्हा ब्रिटिश अमलाखाली होते आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या इतर नाट्यगृहांनी आपली दारे बंद ठेवली. ॲबी थिएटरचा व्यवस्थापक लेनॉक्स रॉबिन्सन तेव्हा अवघा 23 वर्षांचा होता. प्रयोग करावा की रद्द करावा, हे विचारण्यासाठी त्याने डब्लिनबाहेर असलेल्या संचालक लेडी ग्रेगरी यांना तार केली. शिष्टाचार म्हणून नाट्यगृह बंद ठेवावे, असे त्यांचे उत्तर होते; परंतु ते वेळेत पोहोचले नाही आणि प्रयोग झाला. ज्यांच्या पैशावर ते नाट्यगृह उभे राहिले होते त्या ॲनी हॉर्निमन संतापल्या आणि त्यांनी आपले अनुदान थांबवले.

या प्रसंगाकडे बहुधा राजकारणाच्या अंगाने पाहिले जाते. मी मात्र एका लहानशा नाट्यसंस्थेच्या विश्वस्त मंडळावर खजिनदार असल्यामुळे मला त्यात आधी दिसतो तो एक न झालेला ठराव. संचालक हाताशी नसताना प्रयोग रद्द करण्याचा अधिकार कोणाचा, हे आधीच लिहून ठेवलेले असते, तर त्या तरुणावर तारेकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली नसती. विश्वस्तांचे काम म्हणजे मुख्यतः हेच: संकट येण्यापूर्वी, कोणालाही घाई नसताना, कंटाळवाणे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून ठेवणे.

लोकांची कल्पना वेगळी असते. विश्वस्त म्हणजे पहिल्या रांगेत बसणारे, मध्यंतरात व्यासपीठावर बोलावले जाणारे प्रतिष्ठित गृहस्थ, असे पुष्कळांना वाटते. आणि मंडळावर येताना काही विश्वस्तांनाही तसेच वाटत असते, हे मला कबूल केले पाहिजे. प्रत्यक्षात आमच्या सभा तालीम संपल्यावर तालमीच्याच खोलीत भरतात. जमिनीवर नेपथ्याच्या खुणांच्या रंगीत चिकटपट्ट्या तशाच असतात, त्यामुळे ताळेबंदावर चर्चा करणारे अध्यक्ष नायिकेच्या माजघरात आणि सचिव थेट अंगणातल्या विहिरीत बसलेले दिसतात.

आता पैशाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण लहान संस्था बुडतात त्या बहुतेकदा इथेच. समजा, बँकेच्या पासबुकात दहा लाखांची शिल्लक दिसते आहे. दिग्दर्शकाला त्यात नव्या नाटकाचे फिरते नेपथ्य दिसू लागते, आणि त्यात त्याची चूक नाही. स्वप्न पाहणे हेच त्याचे काम आहे. परंतु त्या दहा लाखांतले चार लाख मुलांच्या नाट्यशिबिरासाठी मिळालेल्या देणगीचे असतात आणि ते दुसऱ्या कशावरही खर्च करता येत नाहीत. तीन लाख पुढच्या महिन्यातल्या प्रयोगांच्या आगाऊ तिकीटविक्रीचे असतात. पडदा वर जाईपर्यंत ते पैसे प्रेक्षकांचेच आहेत, कारण प्रयोग रद्द झाला तर ते परत करावे लागतील. दोन लाखांची देणी आधीच झालेली असतात. उरतो एक लाख, आणि त्यातूनच एखादा पडीक महिना निघावा म्हणून राखीव निधीही ठेवायचा असतो. ही वजाबाकी दर सभेत मोठ्याने वाचून दाखवणारा खजिनदार कोणालाच प्रिय नसतो. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः ती एका सभेत वाचली नाही, सर्वजण उत्साहात होते म्हणून. आणि त्या हंगामाच्या शेवटी नटांचे मानधन दीड महिना उशिरा द्यावे लागले.

दुसरा नाजूक विषय हितसंबंधांचा. नाट्यक्षेत्रातली माणसे एकमेकांना ओळखतात, म्हणूनच तर ती मंडळावर येतात. एखाद्या विश्वस्ताचा प्रकाशसाहित्य भाड्याने देण्याचा व्यवसाय असेल, तर त्यात गैर काही नाही. त्याने तसे सभेत सांगावे, त्याच्या दरपत्रकावर चर्चा चालू असताना खोलीबाहेर जावे आणि तो बाहेर गेला होता हे इतिवृत्तात लिहिले जावे. दर सर्वांत कमी असला तरीसुद्धा. ‘आपलाच माणूस आहे’ या तीन शब्दांनी संस्थांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे पडलेल्या नाटकांनी केले नसेल.

कायद्याची चौकट ठिकठिकाणी वेगळी आहे. महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो आणि संस्थेची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते; इंग्लंडमध्ये अशा संस्थांवर चॅरिटी कमिशनची देखरेख असते आणि विश्वस्त सामान्यतः मानधन न घेता काम करतात. तपशील निराळे असले तरी कल्पना एकच आहे: मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात असते, त्यांच्या मालकीची नसते.

सर्वांत कठीण प्रश्न संस्थापकांचा. ज्यांनी स्वतःचे दागिने गहाण ठेवून पहिला प्रयोग उभा केला त्यांना, आता धनादेशावर दोन सह्या लागतील, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आमच्या संस्थापिका बाईंना ते सांगायला आम्ही तीन सभा घालवल्या. शेवटी त्यांनीच विचारले, “माझ्यानंतर सही कोण करणार, ते ठरवलंय का?” ते कोणीच ठरवलेले नव्हते.

त्याच सभेत डब्लिनची गोष्ट मी सांगितली आणि एक लहानसा ठराव बाईंनी मांडला: अध्यक्षांशी तासाभरात संपर्क झाला नाही, तर प्रयोग रद्द करण्याचा निर्णय व्यवस्थापक घेईल आणि मंडळ त्या निर्णयाच्या पाठीशी उभे राहील. अनुमोदन मी दिले. आमच्या व्यवस्थापक मुलीने त्याची प्रत तिकीट खिडकीत, गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली आहे.