साका निघाला तर पैसे कुणाचे?

(वेंगुर्ले तालुक्यात बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. "माल खराब निघाला, पैसे परत करा" हा मेसेज इथल्या बहुतेक जणींनी वाचलेला आहे. वाचल्यावर पोटात कसा गोळा येतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मला तो पहिल्यांदा आला आगळावरून. नागपूरच्या एका ताईंनी दोन बाटल्या मागवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "सरबत प्यायलाच येत नाही, नुसतं मीठ आहे, भेसळ करता का?" मी भडकले. माहिती नाही तर मागवता कशाला, असं लिहिलंसुद्धा. पण आमच्या वाडीत त्या दिवशी रेंज नव्हती, मेसेज गेलाच नाही. संध्याकाळपर्यंत डोकं शांत झालं, तेव्हा तो पुसला आणि त्यांना फोन लावला. त्यांनी थंड पाण्यात आगळ घालून मुलांना सरबत म्हणून दिलं होतं. कोकम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर साखर घातलेलं अमृत कोकम. आणि मी काय लिहिलं होतं? "शुद्ध घरगुती आगळ." बस्स. आपल्याकडे पोरालाही आगळ म्हणजे काय ते कळतं, नागपूरला का कळावं? चूक माझी होती. मी पैसे परत केले, बाटल्या ठेवून घ्या म्हटलं आणि सोलकढी कशी करायची तेही सांगितलं. आता बाटलीवर आणि फोटोखाली एकच मजकूर असतो: "मीठ घातलेला कोकमाचा रस. साखर नाही. सोलकढी आणि आमटीसाठी." ती तक्रार पुन्हा आलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की गिऱ्हाइकाशी होणारं भांडण बहुतेक वेळा पार्सल निघण्याआधीच ठरलेलं असतं. आपण काय लिहिलं आणि काय लिहायचं राहिलं, त्यावर.

आंब्याचं जरा सविस्तर सांगते, कारण खरी रडारड तिथेच आहे. हापूस आपण चौदा आणे तयार झाला की उतरवतो, कच्चा पाठवतो, तो गिऱ्हाइकाच्या घरी पिकतो. शहरातला माणूस बॉक्स उघडतो, हिरवे आंबे बघतो आणि म्हणतो फसवलं. दुसरा ते तसेच फ्रीजमध्ये ठेवतो, आंबे सुरकुततात, मग म्हणतो बेचव आहेत. अढी, म्हणजे पेंढ्यात रचून आंबे पिकवणं, हा शब्दच त्यांनी ऐकलेला नाही. त्यांना हे सांगणं आपलं काम आहे.

पण साक्याचं काय? वरून आंबा सोन्यासारखा, डाग नाही, वास सुरेख. कापला की कोयीजवळ पांढरट, भुसभुशीत, आंबट. बाहेरून तो मला दिसत नाही, तुम्हाला दिसत नाही, कुणालाच दिसत नाही. झाडावर जास्त तयार होऊ दिला तर साक्याचं प्रमाण वाढतं, म्हणून वेळेत उतरवायचा, एवढंच हातात आहे. तरी डझनात एखादा निघतोच. मग तो आंबा कुणाच्या खात्यात? मी बरीच वर्षं म्हणायची, निसर्गाचा माल आहे, आमचा काय दोष. पुण्याच्या एका आजोबांनी मला विचारलं, "दोष तुमचा नाही हे मान्य. पण माझा आहे का?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून बॉक्समध्ये चिठ्ठी टाकते: साका निघाला तर कापलेल्या आंब्याचा फोटो त्याच दिवशी पाठवा, त्या फळाचे पैसे परत. हिशेब करून बघा. तो खर्च डझनाच्या भावात धरता येतो. तुटलेलं गिऱ्हाईक कुठल्याच भावात धरता येत नाही.

कायदाही माहीत असू द्या. ऑनलाइन बाजारात दुकान लावलं असेल तर २०२०चे ई-कॉमर्स नियम आपल्याला लागू आहेत. माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर पोचला, तर तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी आपण दुकानात लावतो, तिच्या भरवशावर इथे राहू नका. उलट बाजूने, आपण जे लिहिलं तसंच पाठवलं असेल तर ते लिहिलेलंच आपल्या बाजूने उभं राहतं. म्हणून फोनवर गोड बोला, पण जे ठरलं ते लगेच मेसेजमध्ये लिहा: "आत्ता बोलल्याप्रमाणे तीन आंब्यांचे पैसे परत पाठवते." भांडण वाढलं तर ते तिसरा माणूस वाचणार आहे. त्याला तुमचा आवाज ऐकू येणार नाही, फक्त शब्द दिसतील. आपलं बोलणं तुटक, "व्हय, नाय" एवढ्यात भागतं. शहरातल्या माणसाला तो तुसडेपणा वाटतो. लिहिताना एक वाक्य जास्त लिहा.

आता जे खरोखर लुबाडायला येतात त्यांच्याबद्दल. ते थोडे असतात, पण असतात. एकाने मला सडलेल्या आंब्यांचा फोटो पाठवला, पूर्ण पैसे हवेत म्हणाला. मी फोटो मोठा करून बघितला. आंबे पेंढ्यावर होते. मी बॉक्समध्ये कागदाचं कातरण घालते, पेंढा फक्त घरच्या अढीला. मी त्याला खोटारडा म्हटलं नाही. एवढंच लिहिलं, "झाकणावर आतून आकडा लिहिलेला आहे, तो दिसेल असा फोटो पाठवाल का?" फोटो आला नाही, माणूसही परत आला नाही. तेव्हापासून बॉक्स बंद करायच्या आधी आकड्यासकट फोटो काढल्याशिवाय मी चिकटपट्टी लावत नाही. पैशांचंही तसंच. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा दिसले की मगच पार्सल. "चुकून जास्त गेले, वरचे परत करा" म्हणणाऱ्याला आधी खातं बघू दे म्हणा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाका किंवा कोड स्कॅन करा म्हणाला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, त्याच तासाला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा.

आणि काही वेळा आपण बरोबर असूनही पैसे जातात. गेल्या मोसमात माझे दोन डझनांचे गेले. सगळे फोटो माझ्याकडे होते, तरी निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूने लागला. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी त्याचा नंबर वहीत लाल शाईने लिहिला आणि गाडीची वेळ झाली म्हणून बॉक्स भरायला बसले.

माझ्या चिठ्ठ्यांच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आंब्याची वेगळी, आगळाची वेगळी. काजूगरवाल्यांनी आगळाची घ्या आणि तुमच्या मालाप्रमाणे बदला. आता विचारा काय विचारायचं ते.